पोपांच्या यादीवाला संत मॅलकी: खरा माणूस कसा होता?

शिशिर

२०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस वारले, तेव्हा माझ्या फोनवर चार-पाच ठिकाणांहून एकच मजकूर आला. बाराव्या शतकात आयर्लंडमध्ये मॅलकी नावाचा संत होऊन गेला, त्याने पुढच्या ११२ पोपांची यादी करून ठेवली, फ्रान्सिस हे त्यातले शेवटचे आणि आता जगबुडी. मे महिन्यात चौदावे लिओ निवडून आले आणि तो मजकूर बंद झाला. माझ्या डोक्यातून मात्र मॅलकी गेला नाही.

थोडं शोधलं तर एवढंच हाती लागलं: आर्माचा आर्चबिशप, मृत्यू ११४८, फ्रान्समध्ये. आणि एक वाक्य, की आर्माचं पद मिळाल्यावर पाच वर्षांत त्याने ते सोडून दिलं. इथेच अडकलोय. आर्मा म्हणजे संत पॅट्रिकची गादी, आयर्लंडमधलं सगळ्यात मोठं धर्मपद. ते मिळवण्यासाठी म्हणे मारामाऱ्या झाल्या. मग मिळाल्यावर सोडलं कशाला? कुणी नीट वाचलं असेल तर सांगा. ती यादी खरी की खोटी हेही सांगा, पण मला माणसाबद्दल जास्त ऐकायचंय.

मॅटककाठची

शिशिर, यादीचं आधी संपवून टाकते. ती मॅलकींची नाही. १५९५ साली व्हेनिसमध्ये एका बेनेडिक्टाइन साधूच्या ग्रंथात ती पहिल्यांदा छापली गेली, म्हणजे मॅलकी जाऊन साडेचारशे वर्षं होत आली होती. त्यात प्रत्येक पोपसाठी एक छोटं बिरुद दिलंय. १५९० पर्यंतच्या पोपांना ती बिरुदं अगदी चपखल बसतात आणि त्यानंतर एकदम ओढूनताणून बसवावी लागतात. यावरून ती केव्हा रचली ते कळतंच. आणि मला सगळ्यात मोठा पुरावा वाटतो तो वेगळाच. मॅलकींचं चरित्र त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचे अधिपती बर्नार्ड यांनी लिहिलं. मॅलकींनी प्राण सोडला तेव्हा ते उशाशी होते. आपल्या मित्राला पुढचं दिसायचं हे सांगताना ते थकत नाहीत, बारीकसारीक प्रसंग देतात. पोपांच्या यादीबद्दल एक अक्षर नाही.

आता माणूस. मी नऊ वर्षं द्रॉहेडाजवळ राहते, रुग्णालयात नर्स आहे. इथून दहा किलोमीटरवर मॅटक नावाच्या ओढ्याकाठी मेलिफाँट मठाचे अवशेष आहेत. रात्रपाळी संपली की पहिल्या वर्षी मी झोप येत नाही म्हणून तिकडे जाऊन बसायची. हा मठ कुणी आणला असं विचारता विचारता मॅलकींपर्यंत पोचले, आणि मग मिळेल ते वाचत गेले.

मॅलकी हे लॅटिन वळण. घरचं नाव मेल माइडोक ओ मोर्गेर. ‘मेल’ म्हणजे मुंडन केलेला, सेवक. माइडोक हे जुन्या संताचं नाव. म्हणजे माइडोकचा दास. जन्म आर्मातच, १०९४ च्या सुमाराला. वडील मुग्रोन तिथल्या विद्यापीठाचे प्रमुख अध्यापक होते. ११०२ साली ते वारले तेव्हा आयरिश वृत्तांतकारांनी त्यांना ‘आर्माचे आणि सगळ्या पश्चिम युरोपचे’ मुख्य अध्यापक म्हटलंय. मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा. पुढचं आईने पाहिलं.

बर्नार्ड एक गोष्ट सांगतात ती मला फार आवडते. मुलगा एका नावाजलेल्या शिक्षकाकडे शिकायला गेला. आत पाहिलं तर तो गृहस्थ हातात आरी घेऊन भिंतीवर रेघा ओढत खेळत बसलेला. मुलगा तिथूनच परत फिरला, पुन्हा कधी गेला नाही. तो टिकला कुणाकडे, तर ईमार नावाच्या माणसाकडे. हा ईमार आर्माच्या चर्चजवळ एका कोठडीत स्वतःला कोंडून उपासतापास करत राहायचा. भोवतालच्या लोकांना वाटलं, चांगल्या घरचं, नाजूक पोर, हे काय वेड घेतलंय. थोड्या दिवसांत दुसरी मुलंही त्याच्या मागोमाग तिथे बसायला लागली.

मग केलाखनी त्यांना डीकन केलं, म्हणजे धर्मगुरूच्या खालची पायरी. केलाख म्हणजे तेव्हाचे आर्माचे आर्चबिशप. या डीकन असतानाच्या काळात मॅलकींनी स्वतःहून एक काम घेतलं: गरीब माणूस मेला, की त्याला पुरायचं. नुसती प्रार्थना म्हणायला उभं राहणं नव्हे, स्वतः हात लावायचा. त्यांच्या बहिणीला याची लाज वाटली. ती येऊन ओरडली, ‘वेड्या, काय चालवलंयस? मेलेल्यांना मेलेले पुरतील’, आणि वर हे शुभवर्तमानातलंच वचन म्हणून ऐकवलं. त्यांनी उत्तर दिलं की वचन तुला पाठ आहे, अर्थ कळलेला नाही. ही बहीण लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

मी नोकरीत कित्येक जणांना शेवटची अंघोळ घातली आहे, ज्यांचं कुणी आलं नाही अशांनाही. त्यामुळे हा आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा पोरगा मला इथेच जवळचा झाला, बिशप वगैरे व्हायच्या आधी.

पंचविसाव्या वर्षी ते धर्मगुरू झाले. नियम तिशीचा होता, केलाखनी थांबायचं नाही असं ठरवलं. पण मॅलकींना आपण अपुरे आहोत असं वाटत होतं. ते दक्षिणेला लिस्मोरला गेले, म्हाताऱ्या बिशप मॅल्कसकडे. मॅल्कस मूळचे आयरिश, पण इंग्लंडात विंचेस्टरच्या मठात साधू होते, त्यामुळे समुद्रापलीकडे चर्च कसं चालतं ते त्यांना ठाऊक होतं. लिस्मोरलाच डेसमंड या दक्षिणेतल्या राज्याचा राजा कॉर्मक मॅकार्थी राज्य गमावून आश्रयाला आला आणि मॅलकींशी त्याची मैत्री जमली. पुढे त्याला राज्य परत मिळालं. कॅशेलच्या खडकावरचं कॉर्मकचं चॅपल लोक आज पाहायला जातात, ते याच कॉर्मकचं.

मग बँगर. उत्तरेच्या किनाऱ्यावरचा हा मठ सहाव्या शतकात संत कॉमगलनी स्थापलेला, एके काळी हजारो साधू घडवलेला. व्हायकिंग हल्ल्यांनी उजाड झाला होता. जागा आणि तिच्या जमिनी मॅलकींच्या मामांकडे होत्या, त्यांनी सगळंच भाच्याच्या हवाली केलं. मॅलकींनी मठाची जागा ठेवली आणि जमिनींचं उत्पन्न घ्यायला नकार दिला. दहा माणसं घेऊन गेले आणि रंधलेल्या फळ्यांचं, घट्ट जोडलेलं एक लाकडी प्रार्थनागृह थोड्याच दिवसांत उभं केलं. ते स्वतः कुऱ्हाड चालवत होते. एकदा मध्येच आलेल्या एका कामगाराच्या पाठीवर त्यांची कुऱ्हाड बसली. सगळे धावले, तर अंगरखा फाटलेला आणि कातडीवर जेमतेम ओरखडा.

११२४ ला ते बिशप झाले, डाउन आणि कॉनर या दोन्ही भागांचे. ज्यांचे बिशप झाले ते लोक चर्चला फिरकत नव्हते. मॅलकी गावोगाव पायी हिंडत, दारोदार जात. बर्नार्डनी ठासून लिहिलंय की त्यांना शेवटपर्यंत स्वतःचं घर नव्हतं, नोकर नव्हते, ठरलेलं उत्पन्न नव्हतं. ११२७ मध्ये उत्तरेच्या एका राजाने बँगरवर धाड घातली, तेव्हा आपली माणसं घेऊन ते पुन्हा दक्षिणेला गेले आणि कॉर्मकच्या राज्यात मठ बांधला. तिथे बिशप असूनही पाळी आली की स्वयंपाकघरात राबायचे, जेवण वाढायचे.

आता आर्मा, तुमचा प्रश्न. पण पाळीची वेळ झाली. उद्या सकाळी लिहिते.

जुनाकागद

मॅटकताई, सुंदर लिहिताय. उद्याच्या आधी एक गोष्ट मध्ये घालतो, म्हणजे आर्माचं भांडण एकतर्फी वाटायला नको.

आर्माची गादी ९६६ पासून क्लान शीनाइ या एकाच घराण्यात होती. गादीवरच्या माणसाला बिशप म्हणत नसत, ‘कोमार्बा’ म्हणत, म्हणजे पॅट्रिकचा वारस. जमिनी, कूळ, मठाचा कारभार त्याच्याकडे. दीक्षा देणं वगैरे कामांसाठी वेगळा बिशप असे. कोमार्बा लग्न करी, मुलाबाळांचा असे. बर्नार्ड संतापून लिहितात की केलाखच्या आधी असे आठ विवाहित, दीक्षा न घेतलेले वारस झाले. पण आयर्लंडमध्ये सगळंच घराण्यांतून चाले. कवी, न्यायपंडित, वैद्य, इतिहासकार, सगळे वंशपरंपरेने. आर्माचं विद्यापीठ याच घराण्याच्या काळात गाजलं आणि मॅलकींचे वडील त्यातच शिकवत होते.

आणि ते घराणं मोडायला सुरुवात केली कुणी? त्याच घराण्याच्या केलाखनी. ११०५ ला गादीवर बसल्यावर त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, पुढच्या वर्षी बिशपपदही घेतलं. ११११ च्या राथ ब्रेसलच्या धर्मसभेत आयर्लंडचे धर्मप्रांत आखले गेले, त्यात ते प्रमुख होते. घरचाच माणूस आतून बदल करत होता.

बर्नार्ड आयर्लंडला कधी गेलेले नव्हते. त्यांनी तिथल्या लोकांना रानटी, नावाचे ख्रिस्ती आणि वागण्यात मूर्तिपूजक असं रंगवलं, मित्र जितका उजळ दिसावा तितका मागचा पडदा काळा केला. हे वर्णन पुढे महागात पडलं. बर्नार्ड गेल्यावर वीस वर्षांच्या आत इंग्लंडचा दुसरा हेन्री आयर्लंडमध्ये उतरला, तेव्हा रानटी लोकांचा धर्म सुधारायचाय हेच कारण पुढे केलं गेलं.

मॅटककाठची

जुनाकागद, हे लिहिलंत ते फार बरं झालं. मला बर्नार्डंचं प्रेम कळतं, पण ती पानं वाचताना दर वेळी खटकतं. मॅलकी स्वतः त्याच मातीतले, त्याच विद्येत वाढलेले. बर्नार्डंच्या लिहिण्यात ते जणू चिखलातून उगवलेले दिसतात.

तर आर्मा.

केलाख ११२९ च्या १ एप्रिलला दक्षिणेत वारले. जाण्याआधी त्यांनी आपली काठी, बिशपच्या पदाची खूण, मॅलकींकडे पाठवली. अर्थ उघड होता, माझ्यानंतर हा. घराण्याला ते मान्य होणं शक्य नव्हतं. क्लान शीनाइच्या मुइरखर्ताखने गादी घेतली. मॅलकी गेलेच नाहीत. तीन वर्षं गेली. शेवटी म्हातारे मॅल्कस आणि पोपचे प्रतिनिधी असलेले लिमरिकचे बिशप गिल्बर्ट यांनी बाकीचे बिशप आणि सरदार जमवून मॅलकींना सांगितलं, गादी घे, नाहीतर तुलाच धर्मबहिष्कृत करू.

यावर ते जे बोलले त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, शिशिर. त्यांनी सांगितलं की तुम्ही मला मरायला पाठवताय. हुतात्मा होईन या आशेने मी जातो, पण एका अटीवर. काम फत्ते झालं, गादी घराण्याच्या हातून सुटली, की मला माझ्या पहिल्या बायकोकडे आणि माझ्या मैत्रिणीकडे, गरिबीकडे, परत जाऊ द्यायचं. पहिली बायको म्हणजे त्यांचा आधीचा धर्मप्रांत. बिशपचं आणि त्याच्या चर्चचं लग्न लागतं असं तेव्हा मानत. म्हणजे ११३२ साली, आर्मात पाऊल ठेवायच्या आधीच, सोडायचं ठरलेलं होतं.

आणि तरीही ते शहरात शिरले नाहीत. मुइरखर्ताख जिवंत असेपर्यंत दोन वर्षं बाहेरच्या भागात फिरून बिशपचं काम करत राहिले, कारण आत शिरलं असतं तर माणसं मेली असती. ज्यांना दीक्षा द्यायला, समेट करायला जात होते तीच माणसं.

११३४ ला मुइरखर्ताख वारला, आणि वारताना केलाखच्या सख्ख्या भावाचं, नीअलचं नाव सांगून गेला. मॅलकी शहरात आले, नीअल पळाला. पण जाताना दोन वस्तू घेऊन गेला: पॅट्रिकचा मानला जाणारा ग्रंथ, आणि ‘बाखल ईसू’, येशूची काठी. सोन्याने मढवलेली, रत्नं जडवलेली. ही काठी प्रत्यक्ष ख्रिस्ताने हातात धरली होती आणि पॅट्रिकला दिली अशी श्रद्धा. ज्याच्या हातात या दोन वस्तू, तोच पॅट्रिकचा वारस, असं साधी माणसं मानत. नीअल त्या घेऊन गावोगाव हिंडत होता आणि लोक त्याचं स्वागत करत होते.

याच काळातला एक प्रसंग. एका सरदाराने समेटाच्या नावाखाली मॅलकींना घरी बोलावलं, आत मारायला माणसं बसवली होती. बरोबरच्यांनी रडून विनवलं. ते तीन शिष्यांना घेऊन गेले. आत पाऊल टाकलं तेव्हा बसलेली माणसं उठून उभी राहिली आणि समेट खरोखरच झाला.

काठी परत कशी मिळाली ते बर्नार्ड गुळमुळीत सांगतात. आयरिश वृत्तांत सरळ सांगतो: ११३५ साली मॅलकींनी ती विकत घेतली. मला हे वाचून वाईट वाटलं नाही. तलवारीने मिळवता आली असती, त्यांच्या बाजूलाही राजे होते. पैसे देऊन आणली, रक्त सांडलं नाही.

(तो ग्रंथ आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, आर्माचा ग्रंथ म्हणून. काठी १५३८ मध्ये डब्लिनमध्ये जाळली.)

११३७ मध्ये, वारसाहक्काचा प्रश्न मिटल्यावर, त्यांनी डेरीच्या मठाधिपतीला, गेलासियसला आर्माच्या गादीवर बसवलं आणि निघाले. आणि परत जातानाही जे आधी एक होतं ते दोन केलं: कॉनरला दुसरा बिशप नेमला, आपण फक्त डाउन घेतलं, जो कमी मिळकतीचा भाग होता.

शिशिर

ताई, ‘माझी मैत्रीण गरिबी’ वाचून थांबलो थोडा वेळ. मला वाटलं होतं थकून सोडलं असेल, किंवा हरून. अट घालून आत जाणं हे डोक्यातच आलं नव्हतं.

दोन गोष्टी विचारतो. बहिणीचं पुढे काय झालं? आणि आयर्लंडचा माणूस फ्रान्समध्ये कसा वारला?

मॅटककाठची

बहीण. त्यांना तिचं वागणं पटत नव्हतं, आणि ती जिवंत असेपर्यंत तिचं तोंड पाहणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली होती. एवढा मऊ माणूस, गरिबांची प्रेतं उचलणारा, आणि सख्ख्या बहिणीला भेटत नाही. मला ही त्यांच्यातली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते.

ती वारली. ते तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायला लागले आणि मग कधीतरी थांबले. एका रात्री स्वप्नात कुणीतरी सांगितलं, तुझी बहीण बाहेर अंगणात उभी आहे, तीस दिवस तिच्या पोटात काही गेलेलं नाही. जागे झाल्यावर त्यांनी दिवस मोजले. मिस्सा बंद करून तीसच दिवस झाले होते. पुन्हा सुरू केल्या. मग ती दिसली ती चर्चच्या उंबऱ्यापर्यंत आलेली, काळ्या कपड्यांत, आत येता येत नव्हतं. नंतर पांढरट कपड्यांत, आत आलेली, पण वेदीजवळ नाही. तिसऱ्यांदा पांढऱ्या कपड्यांत, पांढरे कपडे घातलेल्या माणसांच्या घोळक्यात, वेदीपाशी.

बर्नार्ड ही गोष्ट प्रार्थनेचं बळ दाखवायला सांगतात. मला त्यात भाऊ दिसतो. जिवंतपणी जिला दारात उभं केलं नाही, ती अंगणात उपाशी उभी राहिली, आणि तो तिला एकेक पायरी आत घेत गेला.

आता फ्रान्स. आर्माला अजून पोपकडून पॅलियम मिळालेलं नव्हतं. पॅलियम म्हणजे मेंढीच्या लोकरीचा पांढरा पट्टा, आर्चबिशपच्या खांद्यांवर असतो. तो आल्याशिवाय रोमच्या दृष्टीने पद पक्कं नाही. ११३९ मध्ये मॅलकी तो मागायला निघाले. वाटेत यॉर्कमध्ये कर्कमच्या मठाचे प्रमुख वॉल्थीओफ भेटले. एवढी माणसं आणि घोडे तीनच हे पाहून त्यांनी आपला एक घोडा दिला, ओझ्याचा आहे, चाल खडबडीत आहे, याहून बरा नाही म्हणून वाईट वाटतं, असं म्हणून. मॅलकींनी तोच स्वतःला घेतला. पुढे त्याची चाल सुधारली, काळा रंग उतरत उतरत जवळजवळ पांढरा झाला, आणि तो घोडा नऊ वर्षं, त्यांच्या मृत्यूपर्यंत, त्यांच्याजवळ राहिला. घोडे वयाने पांढरे होतात हे मला इथल्या एका शेतकरी पेशंटने सांगितलं. पण नऊ वर्षं तोच घोडा ठेवला हे त्या घोड्याच्या रंगापेक्षा मोलाचं.

वाटेवर क्लेअरव्हो लागलं आणि तिथे बर्नार्ड भेटले. दोघांचं कसं जमलं ते शब्दांत सापडत नाही, पण रोमला पोचल्यावर मॅलकींनी पोप दुसरे इनोसंट यांच्याकडे पहिली मागणी केली ती पॅलियमची नव्हती. मला क्लेअरव्होत राहू द्या आणि तिथेच मरू द्या, अशी होती. पोपनी नाही म्हटलं. उलट त्यांना सगळ्या आयर्लंडसाठी आपला प्रतिनिधी केलं, आणि स्वतःच्या डोक्यावरची मायटर, म्हणजे बिशपची उंच टोपी, काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली. पॅलियमबद्दल सांगितलं, तुमच्या देशाची मोठी धर्मसभा भरवा, सगळ्यांनी मिळून मागा, मग देतो.

परतताना क्लेअरव्होत त्यांनी आपल्याबरोबरची चार माणसं शिकायला ठेवली. स्वतःला जिथे राहता आलं नाही तिथे आपली माणसं ठेवली. त्यांच्यातूनच ११४२ मध्ये मेलिफाँट उभं राहिलं, आयर्लंडमधला पहिला सिस्टर्शियन, म्हणजे क्लेअरव्होच्या पंथातला, मठ. जमीन एअरगियालाचा राजा डनखा ओकॅरोल याने दिली, बांधकाम दाखवायला फ्रान्सहून रॉबर्ट नावाचा साधू आला. फ्रेंच साधूंपैकी काही जण लवकरच परत गेले, त्यांचं इथे जमलं नाही. आयरिश टिकले.

जुनाकागद

न जमण्याचं दुसरं उदाहरण बँगरचं. रोमहून आल्यावर मॅलकींनी तिथे दगडी चर्च बांधायला घेतलं, बाहेरदेशी पाहिलं तसं. पाया घातला तशी गावकरी मंडळी जमली. त्यांच्यातला एक जण म्हणाला, भल्या माणसा, हे नवं काय आणलंस आमच्यात? आम्ही गेल (आयरिश) आहोत, गॉल (फ्रान्सकडचे) नाही. एवढं मोठं, एवढं दिमाखाचं बांधायची गरज काय? बर्नार्ड त्याला दुष्ट ठरवून मोकळे होतात. मला तो माणूस समजतो. लाकडाचं, रंधलेल्या फळ्यांचं काम ही त्यांची कला होती, खुद्द बर्नार्डंनीही तिला सुंदर म्हटलंय. दहा माणसांनी काही दिवसांत उभारलेलं ते पहिलं प्रार्थनागृह त्यांना पुरत होतं.

मॅलकींवर माझा आक्षेप असा नाही, पण एवढं म्हणतो, की आयर्लंडची जी जुनी मठव्यवस्था होती ती त्यांच्यानंतर फार काळ टिकली नाही. क्लेअरव्होची घडी बसली.

मॅटककाठची

हे खरं आहे. माझ्याकडे त्यावर प्रत्युत्तर नाही, आणि मला ते चर्चही हवंय आणि त्या फळ्याही हव्यात. बँगरमध्ये आज एका भिंतीला मॅलकीची भिंत म्हणतात. मी गेले होते तेव्हा तिला हात लावून उभी राहिले. समुद्र जवळच आहे.

शेवटचं सांगते. ११४८ मध्ये त्यांनी डब्लिनच्या उत्तरेला पॅट्रिकच्या बेटावर धर्मसभा भरवली, १५ बिशप आणि २०० धर्मगुरू जमले. पॅलियम मागायचं एकमताने ठरलं. आता पोप होते तिसरे युजीन, स्वतः क्लेअरव्होत साधू असलेले, आणि ते फ्रान्समध्ये आलेत असं कळलं होतं. रोमपर्यंत जायला नको. मॅलकी स्वतःच निघाले. लोक त्यांना सोडायला तयार नव्हते. इंग्लंडात राजा स्टीफनचं आणि पोपचं बिनसलं होतं, त्याने बिशपांना समुद्र ओलांडू दिला नाही. त्यात इतके दिवस गेले की ते क्लेअरव्होला पोचले तोवर पोप इटलीकडे निघून गेले होते.

ऑक्टोबरचा मध्य होता. चार-पाच दिवस आनंदात गेले. १८ तारखेला, संत लूकच्या सणाला, मिस्सा झाल्यावर ताप भरला. साधू धावपळ करू लागले, औषधं, पथ्याचं जेवण. ते म्हणाले, याचा उपयोग नाही, पण तुमच्या प्रेमाखातर घेतो. आपल्याला मरण क्लेअरव्होत आणि सर्व मृतांच्या दिवशी, म्हणजे २ नोव्हेंबरला, यावं असं ते पूर्वी बोलून गेले होते. शेवटच्या तेलाभ्यंगाची, म्हणजे मरणाऱ्याला पवित्र तेल लावायची, वेळ आली तेव्हा सगळे वर त्यांच्या खोलीत जायला निघाले, तर ते स्वतःच जिना उतरून खाली आले. तेल लावून घेतलं आणि पुन्हा चालत वर गेले. हे पाहून मृत्यू जवळ आलाय यावर कुणाचा विश्वास बसेना. चेहरा उतरलेला नव्हता, डोळे खोल गेले नव्हते.

मी असे रुग्ण पाहिलेत. नातेवाईक म्हणतात, सिस्टर, आज बरे दिसतायत ना? आणि चालून गेलेल्या माणसाकडे पाहून आपल्यालाही वाटतं, हो. बर्नार्डंनी ते जसं लिहिलंय ते पाहून लिहिलेलं आहे, ऐकून नाही.

१ आणि २ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री ते गेले. वय ५४. सगळे भोवती बसून पाहत होते, तरी नेमका क्षण कुणाला कळला नाही, झोप लागल्यासारखं झालं. सांगतात की सकाळी मृतासाठीची मिस्सा म्हणताना बर्नार्डंनी मध्येच संत बिशपच्या गौरवाची प्रार्थना म्हटली. रोमने त्यांना संत ठरवलं ११९० मध्ये, बर्नार्डंनी त्याच सकाळी.

पॅलियम ११५२ मध्ये आली. कार्डिनल जॉन पापारो घेऊन आले, दोन मागितली होती, चार दिली: आर्मा, कॅशेल, डब्लिन, तूअम. आर्माचं घ्यायला गेलासियस होते.

आणि मॅलकींचा अंगरखा. त्यांच्या अंगावरचा तो बर्नार्डंनी काढून घेतला, आपला त्यांना घातला. मोठ्या सणांना मिस्सा अर्पण करताना ते मॅलकींचा अंगरखा घालत. ११५३ च्या ऑगस्टमध्ये बर्नार्ड वारले, तेव्हा त्यांना त्याच अंगरख्यात, मॅलकींच्या जवळ पुरलं.

शिशिर

ताई, मेलिफाँटला आता काय उरलंय?

मॅटककाठची

फारसं नाही. १५३९ ला मठ बंद झाला. चर्चच्या जमिनीलगत भिंती, खांबांचे बुंधे. एक अष्टकोनी हात धुवायची जागा अर्धीमुर्धी उभी आहे, कमानींची, जेवायला बसण्याआधी साधू तिथे हात धूत. ती मॅलकींच्या नंतर पन्नासेक वर्षांनी बांधलेली, त्यांनी पाहिलेली नाही. त्यांनी पाहिलेला फक्त ओढा आहे. पावसाळी दिवसात त्याचा आवाज कमानींच्या आत येतो. परवा पाळी संपल्यावर गेले होते, कुणी नव्हतं. पुढच्या वेळी जाईन तेव्हा फोटो टाकते.